आपल्या गावचा वृत्तनिवेदक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, राज्यघटना असे भारदस्त विषय मांडले जावेत, असा संकेत आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या घरांतून बाहेर पडून आपण संध्याकाळी येथे येता, ते काही विचार कानी पडावा म्हणून. त्या मानाने माझा आजचा विषय आपल्याला किरकोळ वाटेल. मी बोलणार आहे तो टेलिव्हिजनवर बातम्या देणाऱ्या माणसाविषयी. आणि त्यातही दिल्ली-मुंबईच्या नामांकित निवेदकाविषयी नव्हे, तर आपल्या गावात राहून आपल्या गावाच्या बातम्या देणाऱ्या निवेदकाविषयी. तो या व्यवसायात कसा येतो, कोणत्या पायऱ्या चढतो, आणि त्या पायऱ्या त्याला शेवटी कोठे नेऊन सोडतात, याचा आपण थोडा विचार करू.

हा विषय घ्यावासा वाटला याला कारण आहे. मी भाषा शिकवणारा माणूस. माझ्या वर्गातून या व्यवसायात गेलेली मुलेमुली अधूनमधून भेटतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून येते: "सर, सध्या इथेच आहे." हा 'सध्या' मला फार दिवस खटकत आला आहे. नागपुरात वकिली करणारा तरुण 'सध्या इथे' असे म्हणत नाही. डॉक्टर म्हणत नाही, शिक्षक म्हणत नाही. मग ज्याचे कामच नागपूरविषयी बोलण्याचे, त्यालाच नागपूर हा मधला मुक्काम का वाटावा? माझे आजचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम नावाचा विचार करू. इंग्रजीत या माणसाला 'अँकर' म्हणू लागले, आणि मराठीनेही तो शब्द जसाच्या तसा उचलला. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. वाऱ्यावादळात जहाज भरकटू नये म्हणून जो खाली तळ धरून बसतो तो. गंमत अशी की मराठीत नांगर हा शब्द दोन कामांचा आहे. कोकणातल्या माणसाला तो जहाजाचा वाटतो. आपल्या विदर्भाला समुद्र नाही, आपल्याला तो शेताचा वाटतो. पण दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. नांगर जमिनीत रुतल्याशिवाय उपयोगाचा नाही. वर नुसता लटकत राहिलेला नांगर शेतालाही निरुपयोगी आणि जहाजालाही.

आता थोडा इतिहास. नागपूरला बातमीची चाड जुनी आहे. 'हितवाद' १९११ साली येथे निघाला. 'तरुण भारता'तून ग. त्र्यं. माडखोलकरांनी अनेक वर्षे लिहिले. त्या काळच्या वाचकाला संपादक ठाऊक असे. अग्रलेख पटला नाही तर संध्याकाळी गाठून त्याच्याशी वाद घालता येई. पुढे छापील अक्षराच्या जोडीला आवाज आला. जुलै १९४८ मध्ये येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि सिव्हिल लाइन्समधून निघालेला आवाज वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या घरांत पोहोचू लागला. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हते, किंवा आले तरी वाचणारा नव्हता, त्या घरात बातमी शिरली ती आवाजाच्या रूपाने. आकाशवाणीवरील सुधा नरवणे यांचा पुण्याहून येणारा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना आजही तो ओळखता येईल. बातमी काय होती ते विसरले, आवाज राहिला.

मग चित्र आले. दिल्लीत १९५९ साली प्रयोग म्हणून सुरू झालेले टेलिव्हिजन २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आले. मराठी बातम्यांना चेहरा मिळाला तो तेव्हापासून. डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, प्रदीप भिडे ही नावे महाराष्ट्रात घरोघरी झाली. स्मिता पाटील यांचा चेहराही महाराष्ट्राने प्रथम पाहिला तो मराठी बातम्या देताना, चित्रपट त्यानंतरचे. या मंडळींविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बातम्या वाचणे हा त्यांच्यापैकी बहुतेकांचा चरितार्थ नव्हता. अनंत भावे हे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे लेखक. कोणी नोकरी करून, कोणी अध्यापन करून संध्याकाळी स्टुडिओत येत. निवेदन हे त्यांचे काम होते, पण पोट त्यावर अवलंबून नव्हते. त्यामुळे त्यात एक शांतपणा होता. आवाज चढवण्याची गरज नव्हती, कारण आवाज चढवून मिळवण्यासारखे काही नव्हतेच.

नागपूरला दूरदर्शनचे केंद्र लाभले ते उपग्रहाच्या जमान्यात, सेमिनरी हिल्सवर. आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत सारा पट बदलला. केबल आली, केबलसाठी १९९५ साली कायदा झाला, आणि गावोगावच्या केबलचालकांनी आपापल्या गावाच्या बातम्या दाखवायला आरंभ केला. नागपुरात यूसीएनसारख्या केबलच्या जाळ्यावरून शहराच्या बातम्या शहरालाच दिसू लागल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, अशा वाहिन्या एकामागून एक आल्या. यांतल्या काहींची नावे पुढे बदलली. स्टार माझाची २०१२ साली एबीपी माझा झाली. पण त्या काळात एक नवा व्यवसाय उभा राहिला, यात शंका नाही. बातम्या देणे हा पूर्ण वेळेचा, पगाराचा, बढतीचा आणि स्पर्धेचा धंदा झाला. त्या धंद्याची वाट नागपूरच्या मुलाला कशी दिसते, ते आता पाहू.

पहिली पायरी भाषेची. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात वक्तृत्वाची बक्षिसे मिळवते. कोणी हिस्लॉपमध्ये, कोणी विद्यापीठाच्या विभागात, कोणी २०११ पासून अमरावतीला सुरू झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात पत्रकारिता शिकते. मग आवाजाची चाचणी येते. आकाशवाणीच्या वृत्तविभागात नैमित्तिक निवेदक म्हणून नाव लागावे यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागते, इंग्रजी मजकुराचे मराठी करून दाखवावे लागते, आणि मग माइकसमोर वाचावे लागते. ही चाचणी कडक असते आणि ती तशीच असावी. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा, हे कानाला कळले पाहिजे. 'त्र्याहत्तर' आणि 'त्र्याऐंशी' न अडखळता उच्चारता आले पाहिजे. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात हजार-अकराशे शब्द जातात. त्यातला एक आकडा चुकला तर शेतकऱ्याला कापसाचा भाव चुकीचा कळतो.

पण याच पायरीवर आपल्या मुलांना आणखी एक धडा मिळतो, आणि तो मला मान्य नाही. त्यांना असे सांगितले जाते, किंवा न सांगता समजावले जाते, की तुझी बोली हा तुझा दोष आहे. 'जाऊन राहिलो', 'करून राहिली', 'काऊन' हे बातमीपत्रात चालणार नाही, हे ठीकच. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो आणि 'शाळा'ची 'शाया' होते. बातमी सर्व महाराष्ट्रासाठी असेल तर तेथे ळ हा ळच हवा. प्रमाण भाषा ही सर्वांची सोय आहे आणि सोयीला नाक मुरडण्यात अर्थ नाही. परंतु एक भाषा शिकणे वेगळे आणि दुसरीची लाज बाळगणे वेगळे. ज्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिले, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जेथे सिद्ध झाला, तेथल्या मुलाने माइकसमोर उभे राहताना आपले बोलणे गावंढळ समजावे, हा उलटा न्याय आहे.

या बाबतीत एक परदेशी उदाहरण सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४१ साली, बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स नावाच्या माणसाला देशभराच्या बातम्या वाचायला बसवले. हा गृहस्थ यॉर्कशायरचा. तोवर बीबीसीच्या बातम्या लंडनच्या सुशिक्षितांच्या इंग्रजीतच वाचल्या जात. पिकल्सच्या बोलण्यात उत्तरेचा हेल होता, आणि रात्रीच्या बातम्या संपवताना तो आपल्या बोलीत निरोप घेई. त्यावर देशात मोठी चर्चा झाली. आश्चर्य असे की कित्येकांना बातमीच खरी वाटेना. हेल बदलला तर मजकुराचा भरवसा कमी झाला! काही दिवसांनी पिकल्स आपल्या मुलखात परतला. म्हणजे विश्वास आणि उच्चार यांची गाठ माणसांच्या मनात किती घट्ट असते ते पाहा. ती गाठ सवयीने बसते आणि सवयीनेच सुटते. काटोलच्या संत्रा-बागायतदाराची मुलाखत घेताना निवेदकाने त्याच्याच बोलीत दोन प्रश्न विचारले, तर तो मोकळेपणाने बोलेल आणि बातमी अधिक खरी होईल. प्रमाण भाषा वाचनासाठी आणि बोली भेटीसाठी, असे दोन्ही हात ज्याचे तयार आहेत, तोच खरा तयार निवेदक होय.

दुसरी पायरी श्रमाची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की निवेदकाचे काम म्हणजे नीटनेटका पोशाख करून समोरच्या काचेवर सरकणारी अक्षरे वाचणे. स्थानिक वाहिनीत तसे नसते. तेथे सकाळी महापालिकेच्या सभेला जाणारा, दुपारी मजकूर लिहिणारा आणि संध्याकाळी तोच वाचणारा माणूस बहुधा एकच असतो. कॅमेरा धरणारा आजारी पडला तर तेही काम त्याच्याच अंगावर. यात कष्ट आहेत, पण फायदाही मोठा आहे. ज्याने बातमी स्वतः पाहिली आहे, त्याच्या वाचण्यात एक वजन येते. कोणत्या शब्दावर थांबावे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मुंबईत बसून 'आर्णी', 'एटापल्ली', 'अंजनगाव सुर्जी', 'सिरोंचा' ही नावे वाचणारा निवेदक जेथे अडखळतो, तेथे हा अडखळत नाही, कारण ही नावे त्याच्यासाठी नावे नसून रस्ते आहेत.

या श्रमाचे मोल मात्र फार कमी आहे. आकाशवाणीत नैमित्तिक म्हणून महिन्यातून मोजक्या पाळ्या मिळतात आणि पाळीमागे मानधन. मोठ्या वाहिनीसाठी तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला पुष्कळदा बातमीगणिक पैसे मिळतात. म्हणजे बातमी लागली तर दाम, नाही लागली तर पेट्रोलही पदरचे. अशा माणसाकडून आपण निर्भीडपणाची अपेक्षा करतो. ज्याचे घरभाडे पुढच्या जाहिरातीवर अवलंबून आहे, त्याने जाहिरात देणाऱ्या बिल्डरविरुद्ध बातमी द्यावी, असे आपले म्हणणे असते. म्हणणे योग्य आहे, पण त्याची किंमत एकट्या त्यानेच का भरावी? मुलींच्या वाट्याला तर आणखी एक जाच येतो. रात्रीच्या पाळीहून परत येणे हा प्रश्न आहेच. शिवाय पडदा बाईचे वय मोजत बसतो. पुरुष निवेदकाचे पिकलेले केस अनुभवाचे लक्षण ठरतात, स्त्रीचे ठरत नाहीत.

हे केवळ आपल्याकडेच होते असे समजू नका. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील एका स्थानिक केंद्रावर क्रिस्टीन क्राफ्ट नावाच्या निवेदिका होत्या. १९८१ साली त्यांना त्या जागेवरून खाली उतरवण्यात आले. वय फार, रूप कमी आणि पुरुषांपुढे पुरेशी नमत नाही, असा शेरा आपल्यावर मारण्यात आला, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही पुष्कळ आत होते. त्या न्यायालयात गेल्या. १९८३ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने पाच लाख डॉलरांचा निकाल दिला. तो न्यायाधीशांनी रद्द केला. दुसऱ्यांदा खटला चालला, पुन्हा ज्यूरीने त्यांना भरपाई दिली, आणि वरच्या न्यायालयाने तीही काढून घेतली. खटला त्या हरल्या. पण प्रश्न जगापुढे मांडला गेला तो कायमचा: निवेदकाची लायकी कशावर ठरवायची, चेहऱ्यावर की कामावर?

तिसरी पायरी ही शेवटची, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. चार-पाच वर्षे नागपुरात काम केले, नाव झाले, की पुढे काय? पुढे मुंबई, नाही तर नोएडा. पूर्वी ई टीव्हीच्या दिवसांत हैदराबादेला रामोजी फिल्म सिटीत. बढती याचा अर्थच आपल्याकडे गाव सोडणे असा झाला आहे. जे जातात त्यांना मी दोष देत नाही. नागपूरहून दीर्घकाळ विदर्भाच्या बातम्या देणाऱ्या सरिता कौशिक पुढे एबीपी माझाच्या संपादकीय धुरेपर्यंत पोहोचल्या, याचा नागपूरकरांना अभिमानच वाटला पाहिजे. विदर्भ पायांखाली घातलेला माणूस मुंबईच्या टेबलापाशी बसला तर विदर्भाचे हितच आहे. माझी तक्रार जाणाऱ्यांविषयी नाही. राहणाऱ्याला राहण्याजोगी जागा नाही, ही माझी तक्रार आहे. शिडी आहे, पण तिची प्रत्येक पायरी गावाबाहेर उघडते.

याचा परिणाम काय होतो ते आपण दर हिवाळ्यात पाहतो. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत त्यात खंड पडला. अधिवेशनाच्या दिवसांत साऱ्या वाहिन्यांच्या गाड्या विधानभवनाच्या परिसरात उभ्या असतात. विदर्भाचा अनुशेष, कापूस, धान, सिंचन यांची चर्चा रात्रंदिवस चालते. अधिवेशन संपते, गाड्या निघून जातात, आणि अनुशेष मात्र जागच्या जागी राहतो. उरलेल्या महिन्यांत नागपूरचे नाव मोठ्या पडद्यावर येते ते खून, अपघात किंवा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा एवढ्यापुरते. शहराला स्वतःविषयी जे कळते ते असे तुकड्यातुकड्यांनी, आणि तेही दुसऱ्याच्या निवडीने.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, आणि झोपेतल्या माणसांच्या घरात पाणी आले. 'नागपुरात पूर' ही देशासाठी बातमी होती. अंबाझरी ले-आउटमधल्या किंवा कॉर्पोरेशन कॉलनीतल्या माणसाला ती बातमी नव्हती. पाणी तो स्वतःच पाहत होता. त्याला हवे होते ते वेगळे: कोणता रस्ता बंद आहे, पंचशील चौकातून जाता येईल का, वीज कधी येणार, म्हाताऱ्या आईला कोठे हलवायचे. ही माहिती देशाच्या पडद्यावर मावत नाही, आणि मावूही नये. ती देणारा माणूस गावातला लागतो. पुढचा प्रश्न तर याहून महत्त्वाचा. पाणी ओसरल्यावर तलावाच्या सांडव्यापुढे काय बांधले होते, कोणी परवानगी दिली, दुरुस्तीचे काय झाले, हे सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा विचारणारा कोण? ज्याचे 'सध्या इथेच आहे' असे चालले आहे, तो दोन वर्षांनी येथे नसतो. प्रश्न विचारणारा बदलत राहिला की उत्तर देणाऱ्याचे फावते. स्थानिक निवेदकाच्या टिकण्याशी गावाचे हित जोडलेले आहे ते येथे.

काही ठिकाणी हे साधले आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात डेव्ह वॉर्ड हे गृहस्थ १९६६ साली एका स्थानिक केंद्रात आले आणि २०१७ साली तेथूनच निवृत्त झाले. सुमारे पन्नास वर्षे एकाच शहराला एकाच केंद्रावरून त्यांनी बातम्या दिल्या. याची गिनीजच्या नोंदीत विक्रम म्हणून दखल घेतली गेली. त्या शहराच्या दोन पिढ्यांनी वादळाची सूचना त्यांच्या तोंडून ऐकली. मी असे म्हणत नाही की तेथे सारे आलबेल आहे. क्राफ्टबाईंची कथा त्याच देशातली आहे. पण एक गोष्ट तेथे मान्य झाली होती: गावात राहून गावाच्या बातम्या देणे हा आयुष्यभराचा, मानाचा आणि नीट पगाराचा व्यवसाय असू शकतो. ती नुसती उमेदवारी नव्हे.

आता एक नवेच आव्हान दारात आले आहे. २०२३ मध्ये ओडिशातील ओटीव्हीने 'लिसा' नावाची यंत्रनिर्मित निवेदिका पडद्यावर आणली. मे २०२४ मध्ये डीडी किसान या सरकारी वाहिनीने 'क्रिश' आणि 'भूमी' असे दोन कृत्रिम निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात असे सांगण्यात आले. यंत्राला रजा नको, पगार नको, रात्री घरी सोडायला गाडी नको. त्याचा ळ चुकत नाही आणि त्र्याऐंशीही चुकत नाही. त्याचे केस पिकत नाहीत. मग माणसाची गरज काय?

या प्रश्नाचे उत्तर मला १९४० सालच्या एका घटनेत सापडते. त्यापूर्वी बीबीसीचे निवेदक आपले नाव सांगत नसत; आवाज संस्थेचा, व्यक्तीचा नव्हे, अशी पद्धत होती. जर्मन आक्रमणाचे भय निर्माण झाले तेव्हा पद्धत बदलली. शत्रूने केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर लोकांना ओळखता यावे, म्हणून निवेदक बातम्यांच्या आरंभी आपले नाव सांगू लागले. नाव सांगण्याचा अर्थ एवढाच की हे शब्द माझ्या तोंडचे आहेत आणि त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. आपल्या आकाशवाणीवरही निवेदक आधी आपले नाव सांगतो आणि मग बातमी. तो केवळ शिष्टाचार नव्हे, ती हमी आहे. यंत्रालाही नाव ठेवता येते, पण हमी देता येत नाही. बातमी खोटी निघाली तर क्रिशला कोणी जाब विचारू शकत नाही. गावातल्या निवेदकाला मात्र इतवारीत भाजी घेताना, लक्ष्मीभुवन चौकात चहा पिताना, लग्नाच्या मांडवात, कोणीही हटकू शकतो: "काय हो, काल तुम्ही असे कसे सांगितले?" हे हटकणे त्याला त्रासाचे वाटत असेल, पण तीच त्याची खरी प्रतिष्ठा आहे. ज्याला हटकता येते त्याच्यावरच विश्वास ठेवता येतो.

म्हणून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुणांना मी थोडक्यात इतकेच सांगेन. आवाज कमवा, पण त्याआधी गाव कमवा. महापालिकेचा अर्थसंकल्प वाचायला शिका. जिल्ह्यातील धरणांची, शाळांची, दवाखान्यांची माहिती तोंडपाठ ठेवा. एक चांगली बोली आणि एक चांगली प्रमाण भाषा, दोन्ही सांभाळा. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात, त्याच ठिकाणी दुरुस्त करा. मुंबईचे बोलावणे आले तर अवश्य जा. पण ते आले नाही म्हणून आपण मागे राहिलो असे समजू नका.

आणि आपण श्रोत्यांनी, प्रेक्षकांनी काय करावे? आपल्याला सारे फुकट हवे असते. वाढदिवसाच्या फलकांना आपण हजारो रुपये देतो, पण शहराची बातमी देणाऱ्याला वर्षाची वर्गणी द्यायची म्हटले की हात आखडतो. व्यापारी मंडळींनी जाहिरात द्यावी आणि त्याबरोबर बातमी दाबण्याची अट घालू नये. पालकांनी मुलीला या व्यवसायात जाऊ द्यावे आणि 'इतकी वर्षे झाली, अजून नागपुरातच?' असे विचारणे सोडून द्यावे. बातमी चुकली तर निवेदकाला पत्र लिहावे. बरोबर असली तरीही लिहावे. आपल्या विश्वविद्यालयांनी आणि महाविद्यालयांनी नुसते निवेदक घडवून बाहेर धाडण्याऐवजी शहराच्या बातमीसाठी काही कायमच्या जागा, काही शिष्यवृत्त्या उभ्या करता येतील का, याचा विचार करावा. पैसे खर्चून कमान उभारणारे शहर हे करू शकणार नाही, असे मला वाटत नाही.

वैद्य, शिक्षक, वकील हे गावात टिकले, म्हणून गावाला गावपण आले. बातमी सांगणारा माणूस त्यांच्याच पंक्तीतला आहे. त्याला त्या पंक्तीत पाट मांडून द्यायचा की दारातून पुढे धाडायचे, हे वाहिन्यांच्या मालकांइतकेच आपल्याही हाती आहे. पुढच्या वर्षी माझा एखादा विद्यार्थी भेटून म्हणाला की "सर, मी इथेच आहे," आणि त्या वाक्यात 'सध्या' नसला, तर या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन.